त्याची स्वतःची माणसं

तुझा लेक जूनमध्ये अठरा पूर्ण करील. विशेष शाळा निरोप देईल आणि दुसऱ्या दिवसापासून घरात एकच विषय सुरू होईल, आता याने दिवसभर करायचं काय? तू कार्यशाळा शोधायला लागली आहेस हे तुझ्या आईकडून कळलं. शोध, जरूर शोध. पण त्याआधी माझं एक ऐक. रात्री सगळे झोपले की एक कागद घे आणि त्याला नावानिशी ओळखणाऱ्या माणसांची यादी कर. घरचे आणि नात्यातले त्यातून काढ. मग ज्यांना आपण पैसे देतो त्यांना काढ. स्पीच थेरपीच्या मॅडम, व्हॅनवाले काका, संध्याकाळी त्याला सांभाळायला येते ती मुलगी. जे खरं तर तुझे किंवा तुझ्या नवऱ्याचे स्नेही आहेत आणि तुमच्याकडे बघून त्याला "काय रे, बरा आहेस ना" म्हणतात, तेही काढ. मग सांग, कोण उरलं?

बहुतेकींच्या कागदावर कोणी उरत नाही गं. मनाला लावून घेऊ नकोस, हे कसं होतं ते मी फार जवळून पाहिलंय. मूल दीड-दोन वर्षांचं असल्यापासून आई धावत असते. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, मग शाळा, तीही चार स्टेशनं पलीकडे. सकाळी व्हॅन येते, दुपारी उशिरा आणून सोडते. इमारतीतली बाकीची पोरं ज्या वयात जिन्यात भांडतात, कोणाच्याही घरात घुसून पाणी मागतात, त्या वयात आपलं मूल व्हॅनमध्ये असतं. पुढे शाळा संपते तेव्हा शाळेतले मित्रही संपतात, कारण ते बदलापूरपासून मुलुंडपर्यंत विखुरलेले असतात आणि एकटा लोकलने येऊन भेटेल असा त्यांच्यात क्वचितच कोणी असतो. गल्लीकडे वळावं तर गल्लीला हा माहीतच नाही. यात कोणीही दुष्टपणा केलेला नसतो. सगळ्यांनी त्याचं भलंच चिंतलेलं असतं आणि तरी अठराव्या वर्षी तो आपल्याच गल्लीत परका असतो.

आणि आता ही मुलं आपल्यामागे जगणार आहेत, हे विसरू नकोस. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान अमेरिकेत १९८३ च्या सुमारास २५ वर्षांचं होतं, आज ते ६० च्या आसपास आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया सुधारल्या, मुलांना संस्थांमध्ये टाकून देणं कमी झालं, म्हणून हे घडलं. केवढी आनंदाची गोष्ट! पण त्यामुळे "आमच्यानंतर याचं कोण" हा प्रश्न आपल्या आजीच्या वेळी होता त्याहून आज खूप मोठा झालाय. त्याला उत्तर म्हणून लोक मुदतठेव करतात, फ्लॅट नावावर करतात. करावंच ते. पण ताप आला म्हणून फ्लॅटची बेल वाजवायला मुदतठेव येत नाही.

अशा वेळी धावून येणाऱ्या माणसांच्या ओळखींना अभ्यासक सामाजिक भांडवल म्हणतात. रॉबर्ट पुटनम या अमेरिकी प्राध्यापकाचं २००० साली 'बोलिंग अलोन' नावाचं पुस्तक आलं, तेव्हापासून हा शब्द सगळीकडे गेला. त्यात त्याने माणसांच्या संबंधांचे दोन प्रकार मांडलेत आणि ते आपल्याला तंतोतंत लागू पडतात. एक, आपल्यासारख्यांशी असलेली घट्ट वीण. दुसरा, आपल्यापेक्षा वेगळ्या माणसांकडे जाणारा पूल. पहिल्याची किंमत मी कमी करणार नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांची 'चाकाची खुर्ची' वाच. ऐन उमेदीत पायातली शक्ती गेली, सगळं संपलं असं वाटत होतं आणि मग स्वतः चाकाच्या खुर्चीवरून हिंडणारे बाबूकाका दिवाण भेटले. त्या भेटीने धीर आला, आणि पुढे १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही त्यांची संस्था उभी राहिली. आपल्यासारखं कोणीतरी पुढे गेलेलं दिसणं, याला तोड नाही. तुमचा पालकांचा ग्रुपही तेच करतो. दिव्यांगांच्या ओळखपत्राला, म्हणजे यूडीआयडी कार्डाला, कुठली कागदपत्रं लागतात, कुठला दंतवैद्य मुलांवर ओरडत नाही, हे तिथेच कळतं. मात्र त्या ग्रुपमधल्या सगळ्यांच्या अडचणी सारख्या आणि सगळ्यांचे हात सारखेच भरलेले. नोकरी, ओळख, रात्री अकराला दवाखान्यात नेणारी गाडी, सोसायटीच्या सभेत आपल्या बाजूने उठणारा हात, हे सगळं पुलाच्या पलीकडून येतं. आपल्या घरांत तो पूलच बांधायचा राहून जातो.

आमच्या आईने तो बांधला. तिला पुटनम माहीत नव्हता.

माझा धाकटा भाऊ तुला माहीत आहे. आमच्या डोंबिवलीच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. आई दळण टाकायला जाताना त्याला बरोबर न्यायची. त्याला एक सवय होती, जिच्यावरून आम्ही घरात वैतागायचो. सगळं ओळीत लागायचं. चपला, वाट्या, जुने पेपर. एखादी वस्तू ओळ मोडून बाहेर आली की ती उचलून परत जागेवर. गिरणीत डबे आणि पिशव्या जमिनीवर रांगेने ठेवलेल्या असत. एका संध्याकाळी गर्दीत एका बाईंनी आपला डबा पायाने हळूच पुढे सरकवला. याने तो उचलला, मागे नेला आणि होता तिथे ठेवला. बाई चिडल्या. गिरणीवाले काका मात्र पट्टा थांबवून हसले आणि म्हणाले, "वहिनी, याला उद्यापण पाठवा."

कोणी दुसरी असती तर तीही हसून घरी आली असती. आईने तो शब्द धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाच वाजता ती त्याला घेऊन गिरणीत हजर. काकांना म्हणाली, "रोज पाच ते सहा, एवढंच. त्याने डब्यांची रांग बघायची. मी समोर बाकावर बसते." सुरुवातीला ती रोज बसली. मग भाजी घेऊन येते म्हणून उठायला लागली. मग बसेनाशीच झाली.

त्याला वाचता जेमतेम येतं, चिठ्ठीवरची नावं लागत नाहीत. पण डबा तो चुकत नाही. कुणाच्या झाकणाला पोचा आहे, कुणाच्या कडीला लाल दोरा आहे, कुणाची पिशवी जुन्या साडीची आहे, सगळं पक्कं. तुला माहीतच आहे, गिरणीत पहिला प्रश्न असतो, "आधी काय दळलंय?" बाजरीवर लगेच गहू टाकला की पोळ्या काळपट होतात, आणि उपवासाची भाजणी तर धान्याच्या पिठावर कोण टाकू देईल! काका घाईत काहीही सांगून मोकळे व्हायचे. हा कधीच खोटं सांगत नाही. "बाजरी झाली. थांबा." बायका थांबायच्या. थोड्या दिवसांत बायका काकांना विचारायचं सोडून त्यालाच विचारायला लागल्या. ज्या हट्टापायी घरात आम्ही रडकुंडीला यायचो, त्याच हट्टावर चार गल्ल्यांचा विश्वास बसला. आधी चहा-बिस्किट मिळायचं, मग काका महिन्याच्या शेवटी हातावर पैसे ठेवू लागले. आई ते त्याच्याकडेच राहू द्यायची. तो त्यातून तिच्यासाठी गजरा आणायचा.

पुढे काय झालं ते सांगते, कारण तुला तेच समजून घ्यायचंय. आमच्या सोसायटीत नवी कमिटी आली आणि कोणीतरी मुद्दा काढला की असा मुलगा खाली एकटा बसतो, लहान मुली खेळतात, बरं दिसत नाही. त्याला वर ठेवा. बाबा सभेत बसले होते, त्यांच्या तोंडातून शब्द फुटेना. तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू, ज्या आमच्याशी वर्षानुवर्षं जिन्यात मान हलवण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या, त्या उभ्या राहिल्या. "गिरणीतला तोच ना? माझी नात त्याच्यासोबत दळण आणायला जाते. तुम्ही कुणाबद्दल बोलताय?" आणखी दोघी-तिघींनी माना डोलावल्या. विषय तिथेच मिटला. आम्ही कायदा दाखवून तो मिटवला असता तर मिटला असता कदाचित, पण दुसऱ्या दिवशी जिन्यात कोणी आमच्याशी बोललं नसतं.

बाबांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं तेव्हा आई तिकडे आणि मी पुण्याहून वाटेवर. त्या रात्री हा गिरणीवाल्यांकडे जेवला, कोणी कोणाला फोनही केला नव्हता. आई गेली तेव्हा मी त्याला पुण्याला माझ्याकडे न्यायचं ठरवत होते. काकांचा मुलगा, आता गिरणी तोच बघतो, मला म्हणाला, "ताई, तिकडे त्याला कोण ओळखतं?" मी आणि यांनी महिनाभर त्यावर विचार केला, आणि आम्हीच डोंबिवलीत राहायला आलो. यांची नोकरी संपत आली होती म्हणून जमलं, प्रत्येकीला जमेलच असं नाही. पण भाऊ एक, नवऱ्याचं बिऱ्हाड एक, आणि त्याच्या ओळखीची माणसं शेकड्यांनी. काय हलवणं सोपं होतं, तूच सांग.

आईने केलं ते बघ. जागा तीच, वेळ तीच, रोज. माणसांची ओळख अशीच होते, पुन्हा पुन्हा दिसण्याने. जागतिक दिव्यांग दिनाला, ३ डिसेंबरला, मंडपात बोलावून शाल-श्रीफळ देतात, टाळ्या वाजतात, फोटो निघतो. चौथ्या तारखेला त्यातला एकही माणूस भाजी मार्केटमध्ये आपल्या मुलाला ओळखत नाही. अशा सत्काराला जायचं तर जा, पण तो दिवस तुझ्या हिशेबात धरू नकोस. डाऊन सिंड्रोम असलेल्या पुण्याच्या जलतरणपटू गौरी गाडगीळवर 'येलो' सिनेमा आला, २०१४ मध्ये, तिने स्वतः त्यात काम केलं. तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी आयांनी मुलांना पोहायला घातलं आणि पदक येईना म्हणून काढून घेतलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं. त्याच तलावावर रोज सकाळी त्याच सहा-सात माणसांबरोबर बाकावर टॉवेल पिळत बसणं, हे केवढं मोठं होतं! स्पेशल ऑलिम्पिक्सवाल्यांनी तर त्यासाठी मुद्दाम युनिफाइड स्पोर्ट्स हा प्रकार काढलाय. बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात. सराव एकत्र आणि हरणंही एकत्र.

दुसरं म्हणजे आईने मुलासाठी काही मागितलं नाही, मुलाकडचं काहीतरी देऊ केलं. हे नीट लक्षात घे. "आमच्या मुलाला तुमच्यात सामावून घ्या हो" असं म्हटलं की समोरच्याला जबाबदारी दिसते. तो गोड बोलतो आणि टाळतो. त्याने वाईट हेतूने टाळलेलं नसतं, नेमकं काय करायचं हे त्याला कळलेलंच नसतं. त्यापेक्षा वाचनालयाच्या बाईंना जाऊन सांग, "दर गुरुवारी सहा ते सात हा परत आलेली पुस्तकं खणात लावील, पहिला महिना मी बाहेर बसेन." त्यांना हो किंवा नाही म्हणता येतं, आणि बऱ्याचदा त्या हो म्हणतात.

तुझ्या लेकाकडे काय आहे? मला दोन गोष्टी आठवतात. त्याला सगळ्यांचे वाढदिवस पाठ आहेत आणि ठेका कधी चुकत नाही. तुमच्या मंदिरात एकादशीला भजन असतं ना? भजनी मंडळाला टाळ वाजवणारा नेहमी कमी पडतो. बुवांना जाऊन भेट. गुरुवारचा सराव असेल तर आधी सरावाला ने, गर्दीच्या दिवशी एकदम नको. आवाज जास्त वाटला तर उठून बाहेर जायची जागा आधी दाखवून ठेव. आणि वाढदिवस म्हणशील तर तुमच्या इमारतीत साठेक बिऱ्हाडं आहेत. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना त्या दिवशी सकाळी दार वाजवून हाक मारणारं कोणीतरी आलं, तर ती माणसं त्याला जन्मभर विसरणार नाहीत. त्याच्या नावाने सोसायटीच्या भिशीत एक हप्ताही घाल. भिशी लागली की सगळ्यांनी त्याच्या घरी चहाला यायचं, हा नियम त्यालाही लागू होऊ दे.

आणि तिसरं, बाकावरून उठ. हे सगळ्यात अवघड आहे, तुला तर फारच अवघड जाईल. तू शेजारी उभी असलीस की लोक त्याला विचारायचा प्रश्न तुला विचारतात. "याला चहा चालतो का?" तू उत्तर दिलंस की संपलं. तू त्याच्याकडे बघ आणि गप्प राहा. वेळ लागेल, लागू दे.

आणि हे सगळं तुला एकटीने करायचं नाही. कॅनडात ज्युडिथ स्नो नावाची बाई होती. मानेखाली हालचाल जवळजवळ नाही, तरुण वयात दीर्घ आजाऱ्यांच्या हॉस्पिटलात राहायची वेळ आली, प्रकृती खालावत गेली. १९८० च्या सुमारास टोरांटोतल्या तिच्या मैत्रिणी आणि मित्र एकत्र बसले, हिला इथून बाहेर काढायचं कसं यावर. त्यांनी सरकारशी भांडून तिच्या स्वतःच्या घरी मदतनीस मिळवून दिले. तो गोतावळा पुढे कायम तिच्याभोवती राहिला आणि त्यातून आधारवर्तुळाची कल्पना जगभर गेली. १९८९ मध्ये व्हँकुव्हरला काही पालकांनी 'प्लॅन' ही संस्था काढली, ती तुझ्याच प्रश्नावरून : आम्ही गेल्यावर मुलांचं काय? पैशाची आणि मृत्युपत्राची तजवीज त्यांनी केलीच, शिवाय प्रत्येक मुलाभोवती पगार न घेणाऱ्या माणसांचं जाळं उभं करायला एक माणूस नेमला.

आपल्याकडे तसा माणूस कोणी नेमून देणार नाही, तूच बोलाव. पाच-सहाजण पुरेत. रविवारी सकाळी, पोहे-चहा, तासाभरात उठायचं. लेकाला मध्ये बसव, त्याच्याबद्दल बोलताना तो तिथे असलाच पाहिजे. त्याचे दोष, त्याचा आयक्यू, तुझे हाल, यातलं काही काढू नकोस, नाहीतर सगळे हळहळतील आणि घरी जातील. त्याला काय आवडतं एवढंच विचार. मग प्रत्येकाला एक छोटं काम दे. एकाने महिन्यातून एकदा त्याला नाटकाला न्यायचं. एकाने एटीएम वापरायला शिकवायचं. एकाने नुसता शुक्रवारी फोन करायचा. मोठं काम मागितलंस तर दोन महिन्यांत माणसं गळतात.

कायद्याचं थोडक्यात सांगते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात समाजात राहण्याचा हक्क लिहिलेला आहे; कोणत्याही एका ठरावीक व्यवस्थेतच राहा अशी सक्ती तुझ्या लेकावर करता येत नाही. अठरानंतर पालकत्वाचा कागद लागेल, तो १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून मिळतो. निरामय विम्याचं एक लाखाचं संरक्षणही त्याच न्यासाचं, अर्ज भरून टाक. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येकाने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तुमच्या वॉर्डातल्या वाचनालयाला आणि समाजमंदिराला पायऱ्याच पायऱ्या आहेत. तिथे उतार हवा म्हणून अर्ज कर, एकटीच्या सहीने करू नकोस. चाकाच्या खुर्चीवरचे, वॉकरवाले म्हातारे, बाबागाडीवाल्या आया, सगळ्यांच्या सह्या घे. त्या सह्या गोळा करायला लेकालाही बरोबर ने.

आता तुझ्या मनातली भीती. कोणी त्याचा फायदा घेतला तर? पैसे लाटले, अंगाला हात लावला, चिडवलं तर? ही भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. म्हणून एका माणसाच्या भरवशावर कधीच सोडू नकोस, मग तो कितीही देवमाणूस असो. बंद दाराआड नको, चारचौघांतली जागा बघ. "नको" म्हणायला आणि घरी येऊन सांगायला शिकव, ते बोलून जमत नसेल तर चित्रं दाखवून. पण हेही लक्षात ठेव, ज्याला कोणीच ओळखत नाही त्याच्यावर अन्याय झाला तर कोणाला कळतही नाही. त्याच्यावर जितक्या माणसांची नजर, तितका तो सुरक्षित.

आणि शेवटचं, जे फक्त मीच तुला सांगू शकते, कारण मी बहीण आहे. तुझी धाकटी आता चौदाची झाली. तिच्यासमोर "आमच्यानंतर ही आहेच की" असं परवा तुझ्या सासूबाई म्हणाल्या. ती मान खाली घालून जेवत राहिली, मी बघितलं. आमच्या आईने हे वाक्य कधी उच्चारलं नाही. तिने मला शिकू दिलं, पुण्याला जाऊ दिलं, आणि मागे राहून गल्ली बांधत बसली. मी परत आले ते माझ्या इच्छेने, आणि आले तेव्हा मला एकटीने काही उचलावं लागलं नाही. भावाची गिरणी होती, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू होत्या, पाडव्याच्या स्वागतयात्रेत त्याला झेंडा धरायला बोलावणारी पोरं होती. आता तो दमतो, सहाऐवजी साडेपाचलाच घरी येतो, तर ती पोरं त्याच्या चालीने चालतात. तुझ्या लेकीलाही तिच्या भावाबरोबर एवढं मिळू दे.

तर आधी तिच्याशी बोल. तिला विचार, शाळा-क्लास सांभाळून दादासोबत तिला स्वतःला काय करायला आवडेल. "काही नाही" म्हणाली तर तेही चालेल, वाईट वाटून घेऊ नकोस. मग गुरुवारी बुवांकडे जा. टाळाची जोडी आमच्याकडे आईची पडून आहे, वजनाला हलकी आहे, त्याच्या हाताला बसेल. रविवारी येशील तेव्हा ने, आणि ती यादीही घेऊन ये, भरलेली असो वा कोरी.